किल्ल्या ज्यांच्या कमरेला

एखादे वस्तुसंग्रहालय पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक शिल्पकाराचे कौतुक करतो, ज्या राजाच्या पदरी ती कला पोसली गेली त्याला दुवा देतो, संगमरवरी शिळेवर ज्याचे नाव कोरलेले आहे त्या देणगीदाराकडे आदराने पाहतो आणि फार झाले तर संचालकांच्या विद्वत्तेचा उल्लेख करतो. परंतु दालनाच्या कोपऱ्यात लाकडी स्टुलावर बसून ज्याने त्याच्या हातातील छत्रीवर सारा वेळ नजर ठेवलेली असते, त्या माणसाची गणना तो मनातल्या मनात कपाटे, पडदे आणि पंखे यांच्यातच करून मोकळा होतो. मग केव्हातरी परदेशातून एखादी युद्धकथा कानी येते, कोण्या संग्रहालयाच्या नोकरांनी उपाशीपोटी, तोफांच्या माऱ्यात, आपल्या हवाली असलेली चित्रे कशी जपली याचे वर्णन आपण वाचतो, हळहळतो, आणि त्या निष्ठेला ईश्वरी देणगी ठरवून मखरात बसवतो. मखरात बसवलेल्या वस्तूचे एक सोयीचे असते, ती कशी घडली हे कोणी विचारीत नाही. माझे म्हणणे असे की, ही निष्ठा घडवावी लागते. वर्षानुवर्षांच्या कंटाळवाण्या कामातून, नावावर चढवलेल्या जिनसांतून, वारंवारच्या मोजदादीतून आणि एकाच छपराखाली काढलेल्या अर्ध्या आयुष्यातून ती तयार होते. आणि ज्या व्यवस्थेत ती तयार होऊ शकते ती व्यवस्था आपण काटकसरीच्या नावाखाली स्वतःच्या हाताने मोडीत काढीत आहोत.

लेनिनग्राडच्या हर्मिटाज संग्रहालयाचे उदाहरण मी मुद्दाम विस्ताराने घेतो, कारण या प्रकरणाचा तपशीलच माझ्या विधानाची साक्ष देणारा आहे. 22 जून 1941 रोजी, रविवारी, जर्मनीने सोव्हिएत भूमीवर आक्रमण केल्याची वार्ता आली, तेव्हा संग्रहालय नेहमीप्रमाणे उघडे होते. संचालक इओसिफ ओर्बेली हे प्राच्यविद्येचे पंडित, वंशाने आर्मेनियन आणि स्वभावाने शीघ्रकोपी. त्यांनी त्याच दिवशी चाळीस सर्वोत्तम चित्रे भिंतींवरून उतरवून, जेथे प्राचीन सुवर्णालंकार ठेवलेले असत त्या भक्कम कोठारात हलविण्याचा हुकूम सोडला. त्यानंतर अहोरात्र बांधाबांध सुरू झाली. ती इतक्या वेगाने होऊ शकली याचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. चित्रांसाठी लागणाऱ्या पेट्या आधीच करून ठेवलेल्या होत्या, कोणते चित्र कोणत्या पेटीच्या कोणत्या खणात जायचे याच्या याद्या तयार होत्या, आणि बांधणीचे सामानही जमवलेले होते. युद्ध होणार की नाही याविषयी राजधानीतील मुत्सद्दी संभ्रमात असताना एका संग्रहालयाच्या दफ्तरात त्याची बेगमी होऊन चुकली होती, आणि ती करणाऱ्यांना त्या वेळी कोणी शूर म्हटले नसेल. उलट फाजील काळजी करणारे कारकून म्हणूनच त्यांची संभावना झाली असेल.

बांधाबांधीच्या त्या दिवसांतील एक प्रसंग माझ्या मनात घर करून राहिला आहे. आपण ज्यांना शक म्हणतो त्यांच्याच आप्तकुळातील सिथियन लोकांच्या एका सरदाराच्या थडग्यात, चेर्तोम्लिक येथे, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील एक रौप्यपात्र सापडले होते. त्याच्या अंगावर घोडे धरणारे आणि त्यांना वश करणारे सिथियन पुरुष कोरलेले आहेत. रेल्वेच्या धक्क्यांनी ते चेपू नये म्हणून त्याचा पोकळ भाग भरून काढणे भाग होते, आणि ज्यांच्या नावावर विद्वज्जनांत मान्य झालेले ग्रंथ होते असे लोक चहाचे चमचे हाती घेऊन, चमच्याचमच्याने, बुचाचा बारीक चुरा त्या पात्राच्या पोटात भरत बसले होते. सतत ओणवे राहिल्याने कित्येकांच्या नाकातून रक्त येई. ते थोडा वेळ मान मागे टाकून पडून राहत आणि रक्त थांबले की पुन्हा पेटीवर वाकत. 1 जुलै रोजी पहिली आगगाडी निघाली, तिच्यात सुमारे पाच लाख वस्तू होत्या; 20 जुलैला दुसरी निघाली, तिच्यात सुमारे सात लाख. उरल पर्वतापलीकडे स्वेर्दलोव्स्क हे दोन्ही गाड्यांचे गंतव्यस्थान, परंतु ते मोजक्या लोकांखेरीज कोणाला ठाऊक नव्हते. तिसऱ्या गाडीची तयारी चालू असतानाच लोहमार्ग तुटले, 8 सप्टेंबरला वेढा पुरा आवळला गेला, आणि उरलेल्या वस्तू व उरलेली माणसे एकमेकांच्या आधाराने तेथेच राहिली. जाता जाता एक गोष्ट मात्र त्यांनी करून ठेवली होती. चित्रे काढून घेतली तरी त्यांच्या चौकटी भिंतींवर जशाच्या तशा राहू दिल्या, म्हणजे परत आलेले प्रत्येक चित्र आपल्या जागी बिनचूक जाऊन बसावे. शहर पडणार की टिकणार याची कोणाला शाश्वती नसताना चित्रे परत टांगण्याची सोय करून ठेवणे, यात आशावादापेक्षा टापटीप अधिक आहे, आणि मला वाटते अशा माणसांचा खरा धर्म तोच असतो.

पुढच्या हिवाळ्याचे वर्णन अनेकांनी केले आहे, म्हणून मी ते आवरते घेतो. कचेरीतील नोकरवर्गाला दिवसाकाठी 125 ग्रॅम पाव मिळे. संग्रहालयाखालच्या बारा तळघरांत सुमारे दोन हजार माणसे आसऱ्याला होती. सुतारकामाच्या सरसाची खळ शिजवून खाल्ली जाई आणि रंगकामासाठी साठवलेल्या जवसाच्या तेलात, मिळालाच तर, बटाटा तळला जाई. याच काळात ओर्बेलींनी फार्सी कवी निजामी याच्या जन्माला आठशे वर्षे झाली म्हणून ऑक्टोबरात, आणि बाबराने ज्याची आपल्या आत्मचरित्रात तोंडभर वाखाणणी केली आहे त्या अलीशेर नवाईच्या जन्माला पाचशे वर्षे झाली म्हणून डिसेंबरात, रीतसर सभा भरवल्या. निजामीच्या सभेसाठी तर विद्वानांना आघाडीवरून रजेवर बोलावून घेतले होते. नवाईच्या काव्याचे भाषांतर करणारे निकोलाय लेबेदेव हे त्या सभेत उठून उभे राहू शकत नव्हते. त्यांनी बसूनच कविता वाचल्या आणि पुढे काही दिवसांतच ते निवर्तले. कोणी म्हणेल, माणसे भुकेने मरत असता मध्ययुगीन कवींच्या जयंत्या कसल्या करता? हा आक्षेप तोंडावर योग्य दिसतो, पण तो करणाराने हेही सांगितले पाहिजे की, सभा न भरवल्याने पावाचा तुकडा किती ग्रॅमने वाढला असता.

मला त्या सभांहूनही 1942 च्या वसंतातील साफसफाई अधिक बोलकी वाटते. बर्फ वितळले, फुटलेल्या नळांचे पाणी तळघरात शिरले, आणि जेथे चिनी मातीची नाजूक भांडी व मूर्ती वाळूत पुरून ठेवल्या होत्या ते तळघर पाण्याने भरले. दिवे नव्हते. नोकरवर्गातील बायका गुडघ्यांपेक्षा वर रबरी बूट चढवून त्या काळोख्या पाण्यात उतरल्या आणि बुटाखाली काही चिरडू नये म्हणून पाय घासत घासत, हाताने चाचपत, एकेक मूर्ती वर काढू लागल्या. काही कप पाण्यावर तरंगत होते, तर काही बशा गाळात रुतल्या होत्या. वर काढलेली वस्तू धुवायची, पुसायची, आणि तिच्यावर चिकटवलेला क्रमांक जर पाण्याने सुटून गेला असेल तर नोंदवही काढून तो पुन्हा लावायचा. त्याच सुमारास बुरशीने हिरवी-पांढरी झालेली राजवाड्यातील मखमली आसने अंगणात उन्हाला मांडली गेली आणि ज्यांना स्वतःला जिना चढताना दोनदा बसावे लागे अशा वृद्ध स्त्रिया ब्रश घेऊन ती बुरशी झाडीत बसल्या. तोफखान्याच्या माऱ्याने तावदाने फुटून हिमाचे ढीग दालनांत आले होते. ते उपसायला काही सैनिक पाठविण्यात आले. काम झाल्यावर पहाऱ्याचे प्रमुख असलेल्या पावेल गुबचेव्स्की या मार्गदर्शकाने त्या सैनिकांना, त्यांच्या श्रमांची परतफेड म्हणून, संग्रहालय दाखवले. दाखवायला चित्र एकही नव्हते. रिकाम्या चौकटीपुढे उभे राहून येथे लिओनार्दोची माता आहे, तिची मान अशी झुकलेली आहे, खिडकीतून मागे निळे डोंगर दिसतात. येथे रेम्ब्रांटचा वृद्ध पिता आहे, परत आलेल्या मुलाच्या पाठीवर त्याचे दोन्ही हात आहेत, असे सांगत तो दालनामागून दालने चालत राहिला, आणि ते शेतकऱ्यांचे पोरगे, ज्यांतील बहुतेकांनी त्यापूर्वी संग्रहालय नावाची वस्तू पाहिलेलीच नव्हती, मुकाट्याने ऐकत राहिले. या प्रसंगाला पुढे फार प्रसिद्धी मिळाली आणि तिच्यात थोडी भावविवशताही शिरली. त्यातली मला महत्त्वाची वाटणारी बाब साधी आहे. रिकाम्या चौकटीतील चित्राचा तपशील तोंडपाठ सांगायला ते चित्र किती वेळा, किती वर्षे आणि किती निरनिराळ्या उजेडांत पाहिलेले असले पाहिजे, याचा हिशेब वाचकाने करावा.

येथे आणखी एक प्रकरण नमूद केले पाहिजे, कारण त्याखेरीज चित्र पुरे होत नाही. हर्मिटाजचा संग्रह जर्मनांच्या आधी ज्यांच्यापासून वाचवावा लागला ते त्याचे मालकच होते. परकीय चलनाच्या निकडीपोटी सोव्हिएत सरकारने 1920 च्या दशकाच्या अखेरीपासून या संग्रहातील उत्तमोत्तम चित्रे गुपचूप विकायला काढली. 1930 आणि 1931 या दोन वर्षांत अमेरिकेचे धनाढ्य अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांनी एकट्याने एकवीस चित्रे खरीदली, त्यांत राफाएल आणि फान आइक यांच्या कृती होत्या, आणि आज ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनाची भूषणे आहेत. विक्रीचे खाते पौर्वात्य विभागाच्या रुप्याकडे वळले तेव्हा, त्या विभागाचे प्रमुख असलेल्या ओर्बेलींनी 1932 साली थेट स्टालिनला पत्र लिहिले. त्या काळात असे पत्र लिहिणे म्हणजे काय हे सांगायला नको. स्टालिनचे उत्तर आले की पौर्वात्य वस्तूंना हात लावू नये. आणि पुढे हळूहळू ती विक्रीच मंदावली. नोकराची निष्ठा कोणाप्रत असते, पगार देणाऱ्याप्रत की हवाली केलेल्या वस्तूप्रत, हा प्रश्न एरवी चर्चेचा वाटतो. जेथे मालकच घरचे सामान बाजारात मांडतो तेथे त्याचा निकाल असा करावा लागतो.

काबूलचा वृत्तांत आपल्याला भूगोलाने आणि रीतिरिवाजानेही अधिक जवळचा आहे. 1978 च्या हिवाळ्यात उत्तर अफगाणिस्तानातील तिल्या तेपे या टेकाडावर व्हिक्टर सारियानिदी यांनी सहा थडगी उकरली आणि त्यांत वीस हजारांहून अधिक सुवर्णवस्तू सापडल्या. 1980 च्या दशकाच्या शेवटी, राजधानीवर यादवीचे ढग जमू लागताच, हे सोने आणि निवडक मूर्ती राष्ट्रीय संग्रहालयातून काढून राजवाड्याच्या आवारातील बँकेच्या तळघरात नेण्यात आल्या. त्यानंतर संग्रहालयाचे जे झाले ते सर्वश्रुत आहे. 1993 साली क्षेपणास्त्राने छप्पर जळाले, संग्रहाचा फार मोठा भाग लुटला गेला, आणि 2001 साली तालिबानांनी उरलेल्या मूर्तींवर घण घातले. या साऱ्या काळात ज्यांच्याजवळ त्या तिजोऱ्यांच्या किल्ल्या होत्या, ते तहविलदार गप्प राहिले. तेथील दस्तूर असा की, जिनसांचा साठा तहविलदाराच्या नावावर असतो, किल्ली त्याच्याजवळ असते, आणि तो मेला तर ती त्याच्या वारसाकडे जाते. संग्रहालयाचे उमरा खान मसूदी आणि त्यांचे काही सहकारी यांना सोने कोठे आहे हे ठाऊक होते. सत्तेवर येणारे एकामागून एक गट त्याचा शोध घेत राहिले, त्या सोन्याची विक्री झाल्याच्या अफवा जगभर उठल्या, आणि या माणसांनी त्या अफवांचे खंडनही केले नाही, कारण खंडन करणे म्हणजेच माहिती देणे होते. नोकरी असून नसल्यासारखी, पगाराचा पत्ता नाही, घरात खाणारी तोंडे, आणि तोंडातून निघालेल्या एका वाक्याला वाटेल ती किंमत मिळण्याचा संभव. अशा अवस्थेत एक तपाहून अधिक काळ त्यांनी काढला. 2004 साली तिजोऱ्या कापून उघडल्या तेव्हा सारे सोने जागच्या जागी होते. उघडताना हजर असलेल्या सारियानिदींनी एका दागिन्यावर आपण स्वतः केलेली डागडुजी ओळखली.

त्याच शहरातील राष्ट्रीय कलादालनात मोहम्मद युसुफ आसेफी या डॉक्टरी शिकलेल्या चित्रकाराने जी युक्ती केली ती तर एखाद्या बखरीत शोभावी. सजीवांची चित्रे काढणे निषिद्ध ठरले होते आणि अशी चित्रे फाडली जात होती. दुरुस्तीच्या निमित्ताने आसेफींनी ऐंशीच्या आसपास तैलचित्रांतील माणसे आणि जनावरे जलरंगाने झाकून टाकली; घोड्याच्या जागी झुडूप आले, गल्लीतील माणसाच्या जागी भिंतीचा रंग आला, आणि तपासायला आलेल्यांना निर्जीव देखावे दिसले. राजवट गेल्यावर त्यांनी ओला स्पंज घेतला आणि माणसे पुन्हा बाहेर काढली. तैलरंगावर जलरंग धरत नाही, ही चित्रशाळेतील पहिल्या वर्षाची माहिती. पण ती प्राणांतिक प्रसंगी आठवावी लागते. बगदादचेही थोडक्यात सांगतो. 2003 च्या लुटीत तेथील संग्रहालयातून सुमारे पंधरा हजार वस्तू गेल्या, हे जगाने ऐकले. परंतु तत्पूर्वी काचकपाटांतील 8,366 वस्तू पाच अधिकाऱ्यांनी, कुराणावर हात ठेवून घेतलेल्या शपथेनुसार, एका गुप्त जागी हलवल्या होत्या आणि त्या सर्व बचावल्या, ही हकीकत तितकी कोणी ऐकली नाही.

या सर्व ठिकाणच्या माणसांत समान असे काय होते? धर्म, भाषा, राजवट, पगार, यांपैकी काहीच नाही. समान होती ती त्यांच्या नोकरीची घडण. प्रत्येकाच्या नावावर ठरावीक जिन्नस होते, त्या जिनसांची यादी त्याच्या अक्षरात होती, आणि ते जिन्नस तो आज ना उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर, एकेक करून, रुजू करून देणार होता. ही घडण आपल्याला परकी नाही. शिवकालीन अठरा कारखान्यांत जामदारखाना होता. किमती वस्त्रे आणि जिन्नस त्यात राहत, आणि तेथे काय आले व काय गेले त्याची नोंद ठेवणे हे त्या कारखान्याचे कामच होते. वस्तू नावावर असली म्हणजे प्रथम तिची धास्ती वाटते, मग सवय होते, आणि पुष्कळ वर्षे गेल्यावर केव्हातरी तिच्याविषयी जिव्हाळा उत्पन्न होतो. हा क्रम उलटा करता येत नाही. भाषणे देऊन, बोधचिन्हे छापून किंवा वारसा-सप्ताहात शपथा घ्यायला लावून जिव्हाळा आधी उत्पन्न करू म्हणणाऱ्यांनी एकदा तरी एखाद्या भांडारगृहात आठवडाभर मोजणी करून पाहावी.

मी या नोकरवर्गाला सरसकट देवत्व देऊ इच्छीत नाही, आणि त्याचे कारणही हर्मिटाजच पुरवते. 2006 साली त्या संग्रहालयाने जाहीर केले की, मीनाकारीच्या आणि रुप्याच्या 221 वस्तू नाहीशा झाल्या आहेत. तपासात निष्पन्न झाले ते असे की, त्या विभागाच्या एका अभिरक्षक बाईंनीच वर्षानुवर्षे त्या थोड्याथोड्या बाहेर नेल्या होत्या. साठ्याची तपासणी सुरू झाली तेव्हा त्यांना कामावर असतानाच मृत्यू आला, आणि पुढे त्यांच्या पतीला शिक्षा झाली. ज्या इमारतीत एके काळी माणसे सरस खाऊन जगली पण रुप्याच्या चमच्याला त्यांनी हात लावला नाही, त्याच इमारतीतील ही गोष्ट. सोव्हिएत राज्य कोसळल्यानंतर तेथील पगारांची जी दुर्दशा झाली ती या गुन्ह्याला क्षमा मिळवून देत नाही. परंतु तपासणी दीर्घकाळ झालीच नसावी आणि एकाच माणसाच्या हाती साऱ्या किल्ल्या राहाव्यात, हा दोष त्या बाईंचा नव्हता. निष्ठेवर विसंबून मोजदाद सोडून देणारी संस्था निष्ठेचा सन्मान करीत नसते. ती आपला आळस लपवीत असते.

आता आपल्या घराकडे वळू. महाराष्ट्राला संग्राहकांची परंपरा थोर आहे. पुण्यात चष्म्यांचे दुकान चालवणाऱ्या दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’ यांनी, अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने अडकित्ते, दिवे, वाद्ये आणि कोरीव दारे यांचा जो संसार उभा केला आणि 1975 साली राज्याच्या स्वाधीन केला, तो कोणत्याही देशाला भूषणावह ठरेल. मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय, ज्याला आज छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे, ते तर पहिल्या महायुद्धात लष्करी इस्पितळ म्हणून वापरले जाऊन मग 1922 साली लोकांसाठी खुले झाले, आणि आज त्याची नीटनेटकी राखण पाहून समाधान वाटते. परंतु जिल्ह्याजिल्ह्यांतील लहान सरकारी संग्रहालयांत जाऊन पाहावे. अभिरक्षकाचे पद रिक्त, त्याचा कार्यभार दुसऱ्या जिल्ह्यातील अभिरक्षकाकडे ‘अतिरिक्त’ म्हणून. जुना परिचर निवृत्त झाला की त्याचे पद भरले जात नाही. आणि दारावर एखाद्या खासगी कंपनीचा निळ्या गणवेशातील मुलगा, जो मागच्या महिन्यात एका मॉलच्या वाहनतळावर होता आणि पुढच्या महिन्यात एखाद्या बँकेच्या दारात असेल. त्या मुलाचा यात काही अपराध नाही. त्याच्यामागे कपाटात बाराव्या शतकातील विष्णू आहे की सिमेंटची कुंडी आहे, याने त्याच्या महिन्याच्या रकमेत किंवा त्याच्या जबाबदारीत काही फरक पडत नाही, कारण कोणतीच वस्तू त्याच्या नावावर नाही. 2013 साली नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी स्मारके आणि पुरावस्तू यांच्या जतनाविषयी जो अहवाल संसदेपुढे ठेवला, त्यात मनुष्यबळाच्या टंचाईवर आणि नोंदींच्या हेळसांडीवर कडक ताशेरे ओढलेले आहेत. तो वाचून कोणाची झोप उडाल्याचे ऐकिवात नाही.

अशाच एका लहानशा संग्रहालयात मी एका वृद्ध परिचराला पाहिले होते. पूर्वेच्या भिंतीवर चार लघुचित्रे होती, आणि दुपारच्या सुमारास गवाक्षातून उन्हाचा एक पट्टा फरशीवरून सरकत त्यांच्याकडे येई. तो माणूस घड्याळाकडे पाहत नव्हता, फरशीच्या एका विशिष्ट रेघेपर्यंत ऊन आले की उठून पडदा सोडी, आणि मी ज्या ठिकाणी उभा होतो तेथून मला हलकेच बाजूला सारताना तो म्हणाला, “जरा सरा साहेब, ऊन येतंय बाईच्या तोंडावर.” चित्रातील ती रागिणी कोणत्या शैलीतील आहे हे त्याला विचारले असते तर सांगता आले नसते, आणि मी ते विचारलेही नाही. वर्षाच्या कोणत्या महिन्यात ऊन कोणत्या फरशीवर येते हे मात्र त्याला ठाऊक होते, त्या कपाटात कसर केव्हा लागते आणि डांबराच्या गोळ्या कोठे ठेवू नयेत हेही ठाऊक होते, आणि हे ज्ञान कोणत्याही पदविका-अभ्यासक्रमात शिकवले जात नाही, कारण ते त्या एकाच खोलीपुरते खरे असते. असा माणूस निवृत्त होतो तेव्हा हाराबरोबर त्याला नारळ आणि शाल मिळते. त्याला ठाऊक असलेले मात्र कोणी लिहून घेत नाही, आणि कंत्राटी मुलाला पडद्याची दोरी कोठे आहे हेही सांगितले जात नाही.

वित्त विभाग यावर विचारील की, स्टुलावर बसणाऱ्या माणसाला कायम वेतनश्रेणी आणि निवृत्तिवेतन कशासाठी. हे काम कॅमेरा करू शकत नाही काय? कॅमेरा चोर गेल्यावर त्याचे चित्र दाखवतो, त्याचा उपयोग मी नाकारीत नाही. पण तो पडदा सोडीत नाही, आणि पाण्याने भरलेल्या तळघरात उतरत नाही. शिवाय जी मागणी आहे ती फार मोठी नाही. प्रत्येक दालनाला एक कायम परिचर असावा. त्या दालनातील वस्तूंची यादी अभिरक्षकाच्या सहीबरोबर त्याच्याही सहीने व्हावी. वर्षातून एकदा तिसऱ्याच कोणाकडून तिची रुजवात घेतली जावी, म्हणजे निष्ठावंताला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करण्याची सोय होईल आणि दुसऱ्याला भय राहील. आणि निवृत्तीपूर्वीचे काही महिने त्याने आपल्या जागी येणाऱ्याला शेजारी बसवून घेऊन काढावेत. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी इमारत तर नाहीच नाही. रिक्त पदे भरण्याचा एक शासकीय आदेश आणि त्याच्यापाठी पगाराची तरतूद एवढेच लागते. पुढील अंदाजपत्रकात भव्य संग्रहालयांच्या आणि दृक्श्राव्य दालनांच्या घोषणा होतीलच. त्या ऐकताना परिचरांच्या किती जागा भरणार आहात, हे वाचकांनी आपापल्या आमदाराला पत्राने विचारावे आणि उत्तर लेखी मागावे.